गार इंजिनाचे दुखणे

गाडी तापते ही तक्रार आपल्या ओळखीची आहे. घाटातल्या वळणावर बॉनेट उघडे, वाफेचा लोट आणि पाण्याचा कॅन घेऊन उभी असलेली मंडळी हे दृश्य सर्वांनी पाहिलेले असते. याच्या उलट तक्रार मात्र कोणी फारशी मनावर घेत नाही. गाडी सुरू करून वीस मिनिटे झाली तरी तापमानाचा काटा तळाशीच असतो, चोक आत ढकलला की इंजिन बंद पडते, चढावर झटके बसतात आणि पेट्रोल मात्र भरपूर जाते. 'थंडीचे दिवस आहेत, चालायचेच' असे म्हणून आपण सोडून देतो. आपल्या गरम देशात इंजिन गार राहिले तर बिघडले काय, असेही वाटते.

बरेच काही बिघडते. पण त्यासाठी आधी जुन्या गाडीच्या पोटात काय चालते ते पाहावे लागेल. उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. मूळची ही इटलीतली फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार होत असे. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि वर एक कार्बोरेटर. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, गाड्यांमध्ये इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि कार्बोरेटर मागे पडला. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तरी हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आणि जुन्या मारुती ८०० अजून धावतात. शिक्षकांच्या दृष्टीने त्यांचा एक मोठा गुण आहे. त्यांत जे काही घडते ते डोळ्यांना दिसते आणि हाताला कळते. संगणकाच्या पेटीत काही दडलेले नसते.

पेट्रोल हे एकच एक द्रव्य नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले काही घटक ३५-४० अंश सेल्सिअसला उकळतात, तर काहींना २०० अंशांच्या आसपास जावे लागते. सिलिंडरमध्ये जळते ती पेट्रोलची वाफ, थेंब नव्हे. थंड इंजिनात फक्त हलके घटक वाफ होऊन हवेत मिसळतात. बाकीचे पेट्रोल इनलेट मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, भिंतींवर ओघळत राहते. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण पूर्ण ज्वलनाला लागते. ते वाफेच्या रूपात मिळावे म्हणून थंड असताना कितीतरी जास्त पेट्रोल सोडावे लागते. चोक ओढला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते, आत ओढ वाढते आणि जेटमधून पेट्रोल जास्त येते. थोडक्यात, चोक म्हणजे उधळपट्टी, पण सुरुवातीची एक-दोन मिनिटे क्षम्य असलेली.

त्यातच आणखी एक अडचण असते. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. एक किलो पेट्रोलला सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. ही उष्णता १४.७ किलो हवेतून काढली तर हवेचे तापमान किती उतरेल? हवेची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला साधारण १ किलोज्यूल धरा. उत्तर २३-२४ अंश येते. म्हणजे पुण्यातल्या १२ अंशांच्या पहाटे कार्बोरेटरमधून जाणारी हवा शून्याखालीही जाऊ शकते. हवेत दमटपणा असेल तर कार्बोरेटरच्या गळ्याशी बर्फ धरू शकतो. ही उष्णता कुठून तरी पुरवायला हवी, म्हणून बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्ड मुद्दाम गरम ठेवलेले असते. काहींत ते एक्झॉस्टच्या नळीला चिकटून असते, काहींत त्याच्या पोटातून इंजिनाचे गरम पाणी फिरवलेले असते. पाणीच गार राहिले तर मॅनिफोल्डही गार राहणार आणि चोकची गरज संपणारच नाही. कार्बोरेटर उघडून तीन-तीनदा साफ केला तरी गाडी सुधारली नाही, अशा कित्येक गाड्यांचे मूळ दुखणे कार्बोरेटरबाहेर असते ते असे.

उष्णता येते किती, जाते कुठे?

आता थोडा हिशेब करू. नववी-दहावीच्या मुलांना तो सहज जमेल. इंजिनाचा धातू ९० किलो (बहुतांश बीड, विशिष्ट उष्णता सुमारे ०.४५), इंजिनातले पाणी ३ किलो (४.२) आणि ऑइल ३ किलो (सुमारे २) धरू. सगळे २० अंशांवरून ८० अंशांवर न्यायचे आहे. धातूला २४३० किलोज्यूल, पाण्याला ७५६ आणि ऑइलला ३६० लागतील. एकूण साडेतीन हजार किलोज्यूल म्हणू.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२,००० किलोज्यूल मिळतात. त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात जातो, तेवढाच एक्झॉस्टमधून निघून जातो आणि पाव भागाच्या आसपास चाकांच्या कामी येतो. गाडी नुसती उभी राहून चालू असेल तर तासाला ०.७ लिटर पेट्रोल जाते असे धरा. मग पाण्याकडे येणारी शक्ती जेमतेम २ किलोवॅट, म्हणजे एका मोठ्या गीझरएवढी. साडेतीन हजार किलोज्यूल जमायला जवळजवळ अर्धा तास लागेल. तीच गाडी ताशी ४० किलोमीटरने, लिटरला १२ किलोमीटर अशी चालवली तर तासाला ३.३ लिटर पेट्रोल जळते. पाण्याकडे सुमारे १० किलोवॅट येतात आणि काम सहा मिनिटांत होते.

सकाळी गाडी दारात दहा मिनिटे घुरघुरत ठेवणाऱ्यांना हा हिशेब जरूर दाखवावा. गरम करण्याचा तो सर्वात संथ मार्ग आहे. इंजिन स्थिर चालू लागले, ऑइल सगळीकडे पोचले, की निघावे आणि पहिले तीन-चार किलोमीटर हळुवार चालवावे. गॅरेजचे दार बंद ठेवून इंजिन चालू ठेवणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण चोकवर चालणारे इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर ओकते.

पण या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली, ती म्हणजे आलेली उष्णता आतच राहते. ती राहावी म्हणून इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर एक पहारेकरी असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट तो बंद ठेवतो. पाणी ठरावीक तापमानाला पोचले की उघडतो. व्हॉल्व्हवर बहुधा ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, ते हे तापमान.

आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत बरेचदा हा व्हॉल्व्ह नसतोच! कोणीतरी कधीतरी तो काढून टाकलेला असतो.

तो काढणाऱ्या मेकॅनिकला वेड्यात काढायचे कारण नाही. त्याने पाहिलेले सगळे अपघात एकाच बाजूचे असतात. रेडिएटरमध्ये बोअरचे किंवा विहिरीचे जड पाणी भरलेले, नळ्यांत चुन्याचा थर साचलेला, त्यात जुना व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकतो, पाणी उकळते आणि हेड गॅस्केट जळते. गिऱ्हाइकाचा मोठा खर्च होतो आणि शिव्या मेकॅनिकला बसतात. व्हॉल्व्ह काढला की हा धोका तेवढ्यापुरता टळतो. गार इंजिनाने होणारे नुकसान हळूहळू, वर्षानुवर्षे होते. त्याचे बिल कोणी व्हॉल्व्हच्या नावावर फाडत नाही.

व्हॉल्व्ह नसला तर किती फरक पडतो? भोक पडलेल्या बादलीत नळ सोडला तर पाणी कुठवर चढते ते आठवा. जितके येते तितकेच भोकातून जाऊ लागले की पातळी थांबते. उष्णतेचेही तसेच आहे. पद्मिनीचा रेडिएटर भर उन्हाळ्यात, पूर्ण जोर लावलेला असतानाही इंजिन वाचवील असा असायला हवा. म्हणजे बाहेर ४५ अंश आणि पाणी १०० अंश असताना, अवघ्या ५५ अंशांच्या फरकावर, सुमारे ३० किलोवॅट उष्णता त्याने बाहेर टाकली पाहिजे. एका अंशाच्या फरकामागे अर्ध्या किलोवॅटहून थोडे जास्तच. मग सकाळच्या १० किलोवॅटसाठी फरक किती पुरेल? अवघा १८ अंश. ताशी ४० च्या वेगाला रेडिएटरमधून वारा कमी जातो म्हणून दुप्पट धरू, ३६ अंश. बाहेर १५ अंश असतील तर पाणी ३३ ते ५१ च्या दरम्यान कुठेतरी अडकून बसेल. गाडी मुंबईहून नाशिकला नेली तरी इंजिन खऱ्या अर्थाने तापणार नाही. हिशेब ढोबळ आहे, पण काटा तळाशी का राहतो ते त्यातून कळते.

इथे एक समजूत दूर करायला हवी. व्हॉल्व्ह काढला की पाणी इतक्या जोरात फिरते की रेडिएटरमध्ये त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही आणि म्हणून गाडी उलट जास्त तापते, असे काही जण सांगतात. कारण चूक आहे. पाणी जलद गेले तर ते लवकर परतही येते, आणि वेगामुळे उष्णतेची देवघेव थोडी सुधारतेच. पण निरीक्षण मात्र काही गाड्यांत खरे ठरते. अशा गाड्यांतल्या व्हॉल्व्हला खालच्या बाजूला आणखी एक तबकडी असते. मुख्य वाट उघडताना ती तबकडी आतल्या आत फिरवणारी आडवाट बंद करते. व्हॉल्व्हच काढला की आडवाट कायमची उघडी राहते आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते. म्हणजे सकाळी गार आणि घाटात गरम, दोन्हीकडून तोटा.

झीज कशी होते

एक लिटर पेट्रोल जळल्यावर पाणी किती तयार होते, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. ऑक्टेन प्रमाण मानले तर ११४ ग्रॅम इंधनापासून १६२ ग्रॅम पाणी होते. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, तेव्हा पाणी होते एक लिटरहून किंचित जास्तच! इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन एक्झॉस्टमधून जाते. सिलिंडरच्या भिंती गार असतील तर तिथेच दवासारखे धरते. ज्वलनातून तयार झालेली आम्ले त्यात विरघळतात आणि भिंत गंजते. पुढच्याच फेरीला पिस्टनच्या रिंगा तो गंज खरवडून नेतात. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसून आले की सिलिंडरच्या भिंती गार ठेवल्या तर झीज झपाट्याने वाढते. त्याच वेळी न जळलेले पेट्रोल रिंगांजवळून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी न घालताच वाढलेली दिसली, तर हेच चालले आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर ते ऑइलमध्ये घुसळले गेलेले पाणी. मात्र तो थर हेड गॅस्केट फुटल्यानेही येतो. रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल तर त्याचा संशय आधी घ्यावा.

शोध कसा घ्यावा

डॉक्टर तापमापक लावण्याआधी औषध देत नाही, तसेच इथेही करावे. पहिला प्रश्न असा की इंजिन खरेच गार आहे, की काटाच खोटे बोलतो? काट्याला माहिती देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी कमी झाले आणि सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा थंडच दाखवू शकतो. म्हणून सगळ्यात आधी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचे झाकण काढून पाणी पाहावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंड भाजते.

पाणी नीट असेल तर हाताची परीक्षा. सकाळी गार गाडी सुरू करा आणि इंजिनातून रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जाणाऱ्या जाड रबरी होजपाइपला अधूनमधून हात लावत राहा. मात्र सैल बाही, ओढणी, टाय पंख्यापासून दूर ठेवा. ज्या गाड्यांत विजेचा पंखा असतो त्यांत तो न सांगता अचानक सुरू होतो. व्हॉल्व्ह ठीक असेल तर इंजिनाचे डोके तापत जाते, होजपाइप मात्र बराच वेळ गार राहतो आणि मग एक-दोन मिनिटांत एकदम चटका बसण्याइतका तापतो. होजपाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलेला आहे किंवा जागेवर नाहीच. इतकी साधी आणि इतकी निर्णायक चाचणी क्वचितच मिळते. विद्यार्थ्यांना दर मिनिटाला नोंद घेऊन आलेख काढायला सांगितला तर दोन प्रकारच्या रेषा स्वच्छ वेगळ्या दिसतील.

मारुतीसारख्या गाडीत विजेचा पंखा पाणी पुरेसे तापल्यावरच फिरायला हवा. चावी फिरवताच तो फिरू लागला तर कोणीतरी तो थेट जोडून ठेवला आहे. हाही 'गाडी तापू नये' म्हणून केलेला तोडगा. पद्मिनीत पंखा पट्ट्यावर सतत फिरतो, तिथे हा प्रश्न नाही. अजून खात्री हवी असेल तर रेडिएटरच्या पुढचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून थोडे अंतर चालवून पाहावे. थंड प्रदेशातले ट्रकवाले जाळीपुढे गोणपाट किंवा पुठ्ठा बांधतात ते याचसाठी. काटा भराभर वर आला तर उष्णता रेडिएटरमधूनच निसटत होती. काट्यावर नजर ठेवावी आणि पुठ्ठा काढायला विसरू नये.

होजपाइप नीट वागतो, काटाही योग्य जागी येतो आणि तरी गाडी झटके देते, तर मग इंजिन गार नाही. तेव्हा चोकची तार पाहावी. दांडा आत गेला तरी झडप पूर्ण उघडते का? प्लग कोरड्या काजळीने काळे झाले असतील तर बहुधा नाही. काही गाड्यांत एक्झॉस्टभोवतीची गरम हवा एअर फिल्टरकडे नेणारी लवचीक नळी असते. ती फाटून पडलेली असते आणि बिनकामाची समजून कोणी परत बसवलेली नसते. कुठे मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा आत शिरत असते. या तपासण्या इंजिन गरम झाल्याची खात्री झाल्यावर करायच्या. आधी नव्हे.

वर्गात व्हॉल्व्ह

स्पेअर पार्टच्या दुकानात थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह फार महाग मिळत नाही. गॅरेजच्या भंगारात जुना फुकटही मिळेल. त्याच्या मध्यावरच्या पितळी डबीत मेण भरलेले असते. हे मेणाचे थर्मोस्टॅट १९३० च्या दशकात आले. मेण घन असताना डबी शांत असते. वितळताना त्याचे आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढते, ते एक दांडी बाहेर रेटते आणि स्प्रिंगच्या विरोधात तबकडी उघडते. ना वीज, ना तार.

आधी मेणाचा स्वभाव पाहू. परीक्षानळीत मेणबत्तीचे मेण गरम पाण्यात ठेवून वितळवा, पातळीची खूण करा आणि गार होऊ द्या. गोठल्यावर मध्ये खोल खळगा पडतो. गोठताना जेवढे आक्रसते तेवढेच वितळताना फुगणार. पाण्याचा बर्फ याच्या अगदी उलट वागतो. मेणबत्तीचे मेण ५५-६० अंशांना वितळते, व्हॉल्व्हसाठी ८०च्या घरात वितळणारे मिश्रण निवडतात.

आता बंद व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवायचा. त्यासाठी तो उकळत्या पाण्यात उघडू द्या, चिमट्याने धरून दोरा फटीत घाला आणि गार होऊ द्या. मग दोऱ्याने तो पाण्याच्या पातेल्यात असा टांगा की तळाला टेकणार नाही. शेजारी तापमापक धरा, पाणी ढवळत मंद आचेवर तापवा. ज्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी तो दोरा सोडून खाली पडतो आणि वर्ग ओरडतो. तेव्हाचे तापमान आणि कोरलेला आकडा ताडून पाहा, दोन-तीन अंशांचा फरक चालेल. गार होताना तो त्याहून थोड्या कमी तापमानाला मिटतो, तेही नोंदवा. पेट्रोलचे कोणतेही प्रयोग मात्र वर्गात करू नयेत. बाष्पीभवनाने गारवा येतो हे दाखवायला हाताच्या पाठीवर स्पिरिटचा थेंब पुरे.

परीक्षेत उतरलेला व्हॉल्व्ह गाडीत बसवताना मेणाची डबी इंजिनाकडे आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या बाजूला हवे. उलटा बसवला तर तो गरम पाण्याऐवजी रेडिएटरमधल्या गार पाण्याला विचारून उघडायचे की नाही ते ठरवील. गॅस्केट नवे घालावे आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरावा. पहिल्या दिवशी काट्यावर लक्ष ठेवावे. एवढे करूनही दुपारी चढावर काटा लालकडे सरकू लागला, तर रेडिएटरच्या नळ्या चुन्याने भरल्या आहेत. व्हॉल्व्ह पुन्हा काढू नये. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्यावा.